सिंफनीची तालीम कशी घ्यावी: नव्या कंडक्टरसाठी पायरीपायरीने

सिंफनी पाठ आहे, आरशासमोर हातही चांगला चालतो, आणि तरी पहिल्या तालमीच्या अर्ध्या तासात वादक घड्याळाकडे बघू लागतात. नव्या कंडक्टरांचं हे नेहमीचं दुखणं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: संगीताची तयारी झालेली असते, तालमीची झालेली नसते. समोरच्या ५८ माणसांकडून कुठलं काम, कुठल्या क्रमाने आणि किती मिनिटांत करून घ्यायचं हे घरीच ठरवून यावं लागतं.

एकच कृती धरून बोललं की गोष्ट हाताला लागते, म्हणून या लेखात बेथोव्हेनची पाचवी सिंफनी घेतली आहे. ती पहिल्यांदा वाजली २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात, सुमारे चार तास चाललेल्या एका मैफलीत. तालमी अपुऱ्या पडल्या होत्या. त्याच मैफलीतली ‘कोरल फँटसी’ (पियानो, समूहगान आणि ऑर्केस्ट्रा यांची कृती) मध्येच कोलमडली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. बेथोव्हेन स्वतः पियानोवर बसलेला असताना हे झालं. तेव्हा तालमीचं नियोजन कमी महत्त्वाचं समजू नका.

१. आधी माणसं आणि मिनिटं मोजा

तंतुवाद्यांचा मध्यम आकाराचा ताफा धरू: पहिली व्हायोलिनं १२, दुसरी १०, व्हायोला ८, चेलो ६, डबल बेस ४. एकूण ४०. बाकीची वाद्यं १८: पिकोलो १, बासरी २, ओबो २, क्लॅरिनेट २, बसून २, कॉन्ट्राबसून १, हॉर्न २, ट्रंपेट २, ट्रॉम्बोन ३ आणि टिंपनी. यातले पिकोलो, कॉन्ट्राबसून आणि तिन्ही ट्रॉम्बोन फक्त चौथ्या मूव्हमेंटमध्ये (सिंफनीच्या चारपैकी शेवटच्या भागात) आहेत. वेळापत्रक ठरवताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता वेळ. अडीच तासांच्या चार तालमी म्हणजे दहा तास. प्रत्येकी वीस मिनिटांची सुट्टी आणि सूर लावण्यात, बसण्या-उठण्यात जाणारी दहा मिनिटं वजा केली की आठ तास उरतात. शेवटची तालीम सलग वादनाची. म्हणजे खरं दुरुस्तीचं काम करायला सहा तास मिळतात, आणि सिंफनी साधारण ३३ मिनिटांची आहे. प्रत्येक मिनिटाच्या संगीताला अकरा मिनिटंही येत नाहीत. हौशी वादकांचा ऑर्केस्ट्रा असेल तर तालमी दुप्पट लागतील आणि त्यातल्या किमान दोन फक्त तंतुवाद्यांसाठी वेगळ्या ठेवाव्या लागतील.

२. सोबत काय लागतं

- पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र) आणि वादकांचे पार्ट (ज्याच्या त्याच्या वाद्याची ओळ), दोन्ही एकाच आवृत्तीचे. वेगळ्या आवृत्त्यांत तालमीची अक्षरं (जागा सांगण्यासाठी छापलेली ए, बी, सी) आणि बारांचे (उभ्या रेघांमधल्या तालाच्या तुकड्यांचे) क्रमांक जुळत नाहीत. तुम्ही ‘अक्षर सी’ म्हणता आणि निम्मे वादक भलत्याच पानावर असतात.
- तंतुवाद्यांना दोघांत एक पार्ट, म्हणजे ६, ५, ४, ३ आणि २ असे २० पार्ट. बाकी १८ वाद्यांना प्रत्येकी एक. एकूण ३८. प्रत्यक्ष मोजून घ्या. एक व्हायोलाचा पार्ट कमी असला तरी पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.
- मऊ शिशाच्या पेन्सिली, भरपूर. पेन कुणालाही वापरू देऊ नका.
- मेट्रोनोम, ट्यूनर, एक जादा बॅटन (कंडक्टरची छडी).
- मिनिटांसकट लिहिलेलं वेळापत्रक. ते वादकांना आठवडाभर आधी मिळायला हवं.

पहिल्या तालमीआधी एकदा स्कोअर आणि पार्टांतले बारांचे क्रमांक चार-पाच ठिकाणी ताडून बघा. पुनरावृत्तीच्या ठिकाणी बार मोजण्यात फरक असतो, तिथे आवर्जून.

३. स्कोअर वाचताना तालमीचा विचार

प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः गा. आवाज चांगला नसला तरी हरकत नाही. दुसऱ्या व्हायोलिनची आणि व्हायोलाची ओळ गाऊन पाहिल्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही, आणि ऑर्केस्ट्रा गडबडतो तो बहुतेक वेळा याच मधल्या आवाजांत. ध्वनिमुद्रण ऐकायला हरकत नाही, पण स्वतःची लय ठरल्यानंतर. नाहीतर तालमीत तुम्ही समोरच्यांना न ऐकता डोक्यातली रेकॉर्ड ऐकत बसता.

लयीचे आकडे, म्हणजे मिनिटाला ठोके, बेथोव्हेनने स्वतः दिले आहेत: पहिल्या मूव्हमेंटला अर्ध्या लांबीच्या स्वराला (हाफ नोटला) १०८, दुसरीला आठव्या हिश्श्याच्या स्वराला ९२, तिसरीला अख्ख्या बाराला ९६, चौथीला अर्ध्या स्वराला ८४. हे आकडे जसेच्या तसे घ्यायचे की थोडे उतरवायचे हा निर्णय तुमचा. पण जो आकडा घ्याल तो स्कोअरवर लिहा आणि चारही तालमींत पाळा. रोज लय बदलणाऱ्या कंडक्टरवर वादक भरवसा ठेवत नाहीत.

यानंतर एका कागदावर दहा-बारा ‘अडणाऱ्या जागा’ लिहा. प्रत्येकीपुढे काय बिघडेल आणि दुरुस्ती काय, हे दोन ओळींत. तालमीत हाच कागद कामाला येतो.

४. बोइंग (गज चालवण्याची दिशा) तीन आठवडे आधी

गज कुठे वर, कुठे खाली हे कॉन्सर्टमास्टरबरोबर (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाबरोबर) बसून ठरवा. मग ते इतर तंतुवाद्यांच्या प्रमुखांकडे जातं आणि लायब्ररियन सगळ्या पार्टांत उतरवतो. ही साखळी तीन-चार दिवसांत होत नाही.

उदाहरण अगदी सुरुवातीचं. तीन आखूड स्वर आणि एक लांब. पहिला स्वर वर-गजाने घेतला तर वर, खाली, वर असं होऊन लांब स्वर खाली-गजावर, म्हणजे हाताच्या पूर्ण वजनावर पडतो. खाली-गजाने सुरुवात केली तर आखूड स्वरांचा पहिलाच घाव जोरदार बसतो, पण लांब स्वर वर-गजावर जातो आणि तो फुगवून धरावा लागतो. दोन्ही चालतं. चालत नाही ते हे, की पहिली व्हायोलिनं एक करतात आणि चेलो दुसरं. तालमीत गजावर चर्चा रंगली की पंधरा मिनिटं गेलीच समजा, आणि तेवढा वेळ फुंकवाद्यं आणि टिंपनी मिळून १८ जण हात बांधून बसतात.

५. वेळापत्रक: मोठा ताफा आधी

पहिली तालीम: चौथी मूव्हमेंट आधी. ट्रॉम्बोन, पिकोलो, कॉन्ट्राबसून तासाभरात मोकळे होतात. सुट्टीनंतर पहिली मूव्हमेंट.
दुसरी तालीम: दुसरी आणि तिसरी मूव्हमेंट, बारकाईने. ट्रॉम्बोनना बोलावू नका.
तिसरी तालीम: तिसरीतून चौथीत जाणारा जोड, मग चौथी, सुट्टीनंतर पहिलीच्या राहिलेल्या जागा.
चौथी तालीम: सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, नंतर फक्त दुरुस्त्या.

नवखे कंडक्टर पहिल्या मूव्हमेंटपासून क्रमाने जातात. मग तिच्यावर तीन तास जातात, आणि चौथी, जी लांबही आहे आणि दमवणारीही, ती घाईत उरकली जाते. श्रोत्यांच्या कानात शेवटी चौथीच राहते.

६. पहिली दहा मिनिटं

वेळेवर उभे राहा. सूर जुळवायला ओबोचा ‘ए’ स्वर घ्या, आधी फुंकवाद्यं, मग तंतुवाद्यं. नमस्कार, एक वाक्य, आणि सुरुवात. कृतीचा इतिहास, तिचा अर्थ, तुमचा दृष्टिकोन यांवर भाषण नको. समोरच्यांपैकी कित्येकांनी ही सिंफनी वीस वेळा वाजवलेली असते.

पहिल्यांदा मूव्हमेंट वाजवून घेताना थांबू नका. गाडी पूर्ण रुळावरून उतरली तरच थांबा. या फेरीत निम्म्या चुका अशा असतात की त्या दुसऱ्या वेळी वादक आपणच सुधारतात: चुकलेला शार्प (चढा स्वर), हुकलेला प्रवेश, पान उलटताना गेलेला बार. त्यांवर बोलणं म्हणजे वेळ वाया घालवणं, शिवाय वादकाचा अपमान. ज्या चुका दुसऱ्यांदाही तशाच राहतात, त्या तुमच्या. मनातल्या मनात नोंद ठेवा आणि हातातला कागद ताडून बघा.

७. सुरुवातीचे पाच बार

नवा कंडक्टर सगळ्यात आधी इथेच अडतो, म्हणून जरा सावकाश.

पहिल्या बारात पहिला आठवा हिस्सा विश्रांतीचा आहे. सम मोकळी जाते आणि तीन स्वर तिच्यानंतर येतात. बाराला एकच ठोका द्यायचा. म्हणजे तुम्ही तयारीचा एक ठोका पक्क्या लयीत देता, मग समेचा ठोका खाली येतो, आणि आवाज येतो तो त्यानंतर. हात खाली आला आणि काहीच वाजलं नाही, या क्षणी नवखा माणूस घाबरतो आणि हात पुन्हा हलवतो. तो जादाचा झटका काही वादक ठोका समजतात. झाला गोंधळ.

काय काय बिघडतं ते पाहा.

*तीन स्वर तिगुणीसारखे (एका ठोक्यात तीन सारखे) वाजतात.* विश्रांती गिळली गेली की असं होतं. सगळ्यांना ती विश्रांती तोंडाने म्हणायला लावा: ‘हं-त-त-त-तां’. ‘हं’ समेवर, जोरात. दोनदा म्हणून घ्या, मग वाजवा. बहुतेक वेळा लगेच सुटतं.

*तयारीचा ठोका आणि पुढची लय वेगळी.* हा दोष वादकांचा नाही. हात उचलण्याआधी सातव्या-आठव्या बारातली धावती ओळ मनात म्हणा आणि त्या लयीत हात उचला. एक-दोन फुकटचे ठोके मोजून दाखवू नका. एका ठोक्यावर उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

*फर्माटा (स्वर हवा तितका धरायची खूण) कुठे संपतो ते कळत नाही.* दुसऱ्या बारातल्या लांब स्वरावर फर्माटा आहे. दुसरा फर्माटा पाचव्या बारावर आहे, पण तो स्वर चौथ्या बारापासून बांधलेला आहे, म्हणजे लिखाणातच एक बार जास्त. हा फरक श्रोत्याला ऐकू आला पाहिजे. पहिला फर्माटा तोडण्याची हालचाल लयीत केली, तर तीच पुढच्या बाराची तयारी होते. मध्ये शांतता ठेवायची असेल तर तोडा, थांबा, आणि नव्याने तयारीचा ठोका द्या. कुठलं करणार ते वादकांना एकाच वाक्यात सांगा आणि मग बदलू नका.

एकविसाव्या बारात आणखी एक गंमत आहे: बाकी सगळे आखूड स्वरावर तुटतात आणि पहिली व्हायोलिनं एकटीच लांब स्वर धरून राहतात. डावा हात त्यांच्यासाठी, उजवा इतरांना तोडण्यासाठी. हे आरशासमोर आधी करून बघा.

८. थांबवणं आणि बोलणं

थांबवाल तेव्हा कारण तोंडात तयार हवं. थांबवून मग स्कोअरमध्ये शोधत बसलात तर तेवढ्यात चेलो गप्पा मारू लागतात.

सांगण्याचा क्रम ठरलेला ठेवा: कोण, कुठे, काय. ‘दुसरी व्हायोलिनं, अक्षर बी नंतर चौथा बार, शेवटचे दोन स्वर आखूड.’ ‘कोण’ आधी आलं की तेवढेच लोक कान देतात, बाकीचे निवांत राहतात. जागा सांगताना आधी अक्षर, मग ‘नंतर’ की ‘आधी’, मग आकडा. पानाचा क्रमांक सांगू नका. तुमच्या स्कोअरचं पान आणि त्यांच्या पार्टचं पान यांचा काही संबंध नसतो.

एका थांब्यात जास्तीत जास्त तीन सूचना. चौथी कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि ‘पुन्हा एकदा’ एवढंच म्हणून वाजवायला लावू नका. कशासाठी ते सांगा. दुरुस्त झालं तर तसं म्हणा, आणि ती जागा आधीच्या आठ बारांपासून जोडून एकदा वाजवून घ्या. सुटी करून बसवलेली जागा ओघात पुन्हा बिघडते.

उपमा मोजक्या द्या. ‘वादळासारखं’ म्हटल्यावर वादकाला गज कुठे ठेवायचा ते कळत नाही. ‘गजाच्या मुठीजवळ, आखूड, तारेवरून न उचलता’ म्हटलं की कळतं.

आणि एकट्या वादकाचा सूर सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा काढू नका. सुट्टीत जवळ जाऊन बोला.

९. ऐकायचं कशाच्या मागून काय

आधी ताल, मग सूर, मग तोल, मग वाक्याचा आकार. हा क्रम उलटा केला की काम दोनदा करावं लागतं. ताल एकत्र नसेल तर सूर चुकलाय की वेळ चुकलीय हेच ऐकू येत नाही.

ताल. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मंचावर १२ मीटर मागे बसलेल्या वादकाचा आवाज पुढे पोचायला ३५ मिलिसेकंद लागतात. पहिल्या मूव्हमेंटच्या लिहिलेल्या लयीत आठवा हिस्सा सुमारे १३९ मिलिसेकंदांचा, म्हणजे हा उशीर त्याच्या चौथ्या भागाएवढा झाला. मागचे लोक पुढच्यांना ऐकून वाजवू लागले की हा उशीर दुप्पट होतो. म्हणून मागच्यांना सांगा: कानापेक्षा बॅटनवर विश्वास. आणि बॅटनचा ठोका त्यांना दिसेल इतका उंच, एकाच जागी पडू द्या.

सूर. बिघडलेला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सुधारायचा तर तळातून बांधा. आधी मूळ स्वर, सर्व सप्तकांत. त्यावर पाचवा. तो स्थिर झाला की मग तिसरा. मेजर कॉर्डमधला तिसरा स्वर ट्यूनरच्या सुईपेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली असला की कॉर्ड निवळतो. ट्यूनर पाहून वाजवणाऱ्याला तो ‘बरोबर’ असूनही टोचतो, त्याचं कारण हेच. जोरात वाजवताना बासरी चढते आणि क्लॅरिनेट उतरतं. हळू वाजवताना नेमकं उलटं. दोघं एकत्र असतील तिथे कान देऊन बसा. हॉल तापला की फुंकवाद्यं चढतात, तंतू उतरतात, म्हणून सुट्टीनंतर पुन्हा ‘ए’ घ्या.

तोल. स्कोअरमध्ये सगळ्यांना एकच फोर्टिसिमो (अगदी जोरात) लिहिलेलं असतं. तीन ट्रॉम्बोन आणि दोन ट्रंपेट यांनी ते शब्दशः घेतलं तर व्हायोलिनांचे फक्त गज हलताना दिसतात. ब्रासला (पितळी वाद्यांना) सुरुवातीचा घाव पूर्ण आणि धरलेला स्वर एक पायरी खाली, असं लिहून द्या. जोर ऐकू येतो आणि तंतूही ऐकू येतात.

१०. अडणाऱ्या जागा

*पहिली मूव्हमेंट, बार २६८.* ओबोचा एकट्याचा अडाजिओ (संथ तुकडा). ठोके देऊ नका, हात खाली. वादकाशी आधी बोलून तो श्वास कुठे घेणार ते समजून घ्या, आणि शेवटच्या स्वरावर बाकीच्यांना उचलायला तयार राहा.

*बार ३०३.* एकोणसाठाव्या बारात हॉर्न जी ललकारी देतात, ती इथे बेथोव्हेनने बसूनना दिली. त्या काळच्या ई-फ्लॅट हॉर्नवर हे स्वर मोकळ्या जोरात निघत नव्हते. आजच्या हॉर्नवर निघतात, म्हणून काही कंडक्टर इथेही हॉर्न घेतात. काय करणार ते वादकांना आठवडाभर आधी कळवा. बसून ठेवलेत तर त्यांच्या भोवतीचं सगळं खाली आणा.

*दुसरी मूव्हमेंट.* व्हायोला आणि चेलोंची धून. तिच्यातला आखूड स्वर आळसावून तिगुणीत जातो. आखूड स्वर पुढच्या स्वराला चिकटवून वाजवायला सांगा. खालची बेसची पिझिकाटो (बोटाने छेडलेली ओळ) पुढे पळते, तिच्याकडे एक डोळा ठेवा.

*तिसरीतला ट्रिओ (मधला भाग).* चेलो आणि डबल बेस धावत सुटतात. बेस उशिरा बोलतो, त्यामुळे नुसती गडगड ऐकू येते. बाराला ६० वर, गज कमी आणि तारेला धरून. मग ७२, ८४, ९६. डाव्या हाताला जागा सापडल्याशिवाय वेग वाढवू नका.

*तिसरीतून चौथीत.* तंतू अगदी हळू स्वर धरतात आणि टिंपनी एकटीच ठोके मोजत राहते. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली: आवाज लवकर चढतो. वाढ शेवटच्या मोजक्या बारांतच आहे, तोवर कुणी हललं नाही पाहिजे. दुसरी: चौथीची लय. तिसरीत अख्ख्या बाराला एक ठोका, मिनिटाला ९६; चौथीत अर्ध्या स्वराला एक, मिनिटाला ८४. तोच हात तसाच चालू राहिला तर चौथी वेगात सुटते आणि पन्नासेक बारांत तंतूंचे हात दमतात. नवी लय आदल्या बारातच मनात धरा आणि पहिला ठोका रुंद द्या. याच ठोक्यावर ट्रॉम्बोन पहिल्यांदा वाजतात, वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसल्यावर. थंड पितळ उतरलेलं लागतं. तिसरी चालू असताना वाद्यात गरम हवा फुंकत राहायला सांगा, आणि तिसऱ्या तालमीत ही जागा त्यांना खरोखर तेवढा वेळ गप्प बसवून एकदा करून बघा.

११. शेवटची तालीम

सलग वाजवा, थांबू नका. सहाय्यक किंवा ओळखीचा कुणी संगीतज्ञ हॉलच्या मध्यावर बसवा. तोल तिथून जसा ऐकू येतो तसा पोडियमवरून येत नाही. त्याला फक्त तीन गोष्टी विचारा: दुसरी व्हायोलिनं ऐकू आली का, ब्रास कुठे झाकतंय, हळू जागा मागेपर्यंत पोचतात का.

नंतरच्या दुरुस्त्या अर्ध्या तासात आटपा. नवीन कल्पना आज सुचली तरी ती पुढच्या मैफलीसाठी ठेवा. चौथीचा शेवटचा जोरकस भाग पुन्हा पूर्ण ताकदीने वाजवून घेऊ नका. ट्रंपेट आणि हॉर्नच्या ओठांची ताकद संध्याकाळला लागणार आहे. फक्त सुरुवातीचे पाच बार, ओबोनंतरचा प्रवेश आणि तिसरी-चौथीचा जोड, एवढं घ्या, आणि ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी सोडा.